मोटार नंतर, आधी गाईड बघा (घरच्या सुतारकामासाठी टेबल सॉ)

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दापोलीजवळ समुद्राला लागून घर आहे आणि मागच्या पडवीत काम करायचं आहे. निसर्ग वादळात (जून २०२०) पडलेल्या फणसाच्या फळ्या आणि जुन्या घराचे उतरवलेले वासे रचून ठेवले आहेत. त्यातून देवघर, मांडण्या, स्टुलं करायची आहेत, बजेट ५०,००० च्या आसपास. समोर पर्याय तीन आहेत: गावच्या मिस्त्रींनी सुचवलेलं बिडाचं रंधा-कटर कंबाइन मशीन, ब्रँडेड पोर्टेबल टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं कापायचं मशीन), किंवा भाचा अमेरिकेतून आणतो म्हणतोय ते.

भाच्याला आभार कळवा आणि मशीन आणू नको म्हणून सांगा. तिथलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचं. इथे चालवायचं तर दोन-अडीच किलोवॉटचा ट्रान्सफॉर्मर सोबत बाळगावा लागेल, आणि काही बिघडलं तर पार्ट आणायचा कुठून? बोट लागताच ब्लेड थांबवणारं सॉस्टॉप तुम्ही व्हिडिओत पाहिलंत. ते तंत्र खरंच उत्तम आहे, पाच-एक मिलिसेकंदांत पातं जागच्या जागी थांबतं. पण ते शरीराची विद्युतवाहकता ओळखून चालतं आणि ओलं लाकूडही वीज वाहतं. आपल्याकडच्या श्रावणातल्या फळीला ते बोट समजलं, तर ब्रेकचं कार्ट्रिज आणि बहुधा ब्लेडही गेलं.

कंबाइन मशीन वाईट नाही, ते तुमच्यासाठी नाही. ज्याला रोज दारं-चौकटी करायच्या आहेत त्याने ते जरूर घ्यावं. पण बहुतेक लोकल मशीनांत रंध्याची पाती आणि कटर एकाच शाफ्टवर असतात, म्हणजे तुम्ही फळी कापताय तेव्हा बाजूला रंधाही फिरतोय. पात्यावर गार्ड नसतो, पात्यामागे रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) नसतो. आणि बिडाचं टेबल आपल्या हवेत म्हणजे कायमची चाकरी. त्यावर भुसा राहिला की तो ओल धरतो आणि सकाळी त्याच आकाराचा तांबडा डाग दिसतो.

म्हणून माझं मत ॲल्युमिनियम टेबलाच्या पोर्टेबल सॉला. बॉश, मकिता, डिवॉल्ट, कुठलंही घ्या. निवडताना ज्याची सर्व्हिस रत्नागिरी किंवा चिपळूणपर्यंत पोचते ते आधी धरा. वॉट आणि हॉर्सपॉवर सगळे विचारतात, खरा फरक मात्र गाईडमध्ये असतो, म्हणजे ज्या सरळ पट्टीला टेकवून लाकूड पात्याकडे सरकवतात ती. कॅटलॉगमध्ये तिला फेन्स म्हणतात. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्त्री मशीन बघायला आलेल्या प्रत्येकाला एकच सांगतात, "आधी गाईड सरळ आसा काय तां बघ, मगे मोटार."

ते बघायचं कसं? दुकानात स्टीलची पट्टी घेऊन जा. टेबलावर पात्याला समांतर एक खाच असते, मायटर गेज (आडवा काप घेताना लाकूड टेकवायचा आधार) सरकवायची. गाईड लॉक करा आणि त्या खाचेपासूनचं अंतर पुढच्या टोकाला मोजा, मग मागच्या टोकाला. दोन्ही सारखं हवं. मागे केसभर जास्त असलं तर चालेल, पण मागे कमी असलं तर मशीन तिथेच ठेवून बाहेर पडा. कारण मग लाकूड गाईड आणि पात्याच्या मागच्या अर्ध्या भागात दाबलं जातं, आणि मागचे दात वर येत असतात. ते फळी उचलून थेट तुमच्या पोटावर फेकतात. मग गाईड सोडा, इकडेतिकडे सरकवा, परत लॉक करा, परत मोजा. असं चार-पाच वेळा. दर वेळी तेच माप आलं पाहिजे. शेवटी मागच्या टोकाला अंगठ्याने बाजूला दाबून बघा. तिथे अर्धा सूत हलत असेल, तर देवघराच्या दाराला एका टोकाला फट पडणारच. डिवॉल्टच्या रॅक-पिनियनच्या (दातेरी पट्टी आणि चाकावर सरकणाऱ्या) गाईडला दोन्ही टोकं एकदम सरकतात, त्यामुळे नवशिक्याला ते सोपं जातं. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

पात्याचंही तसंच. एका दाताला मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून माप घ्या, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन परत माप घ्या. प्लग काढलेला असताना, हे वेगळं सांगायला नको.

रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली, पात्याबरोबर वरखाली होणारी पोलादी पट्टी. ती नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी नको, आणि असली तर काढून ठेवू नका. फणसाची फळी लांबीत फाडताना आतला ताण सुटतो आणि कापलेल्या दोन्ही बाजू पात्यामागे मिटायला लागतात. ती पट्टी त्यांना मिटू देत नाही. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ हवी, म्हणून नंतर पातळ कापाचं ब्लेड घेताना हा हिशेब विसरू नका.

मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवायचा जुगाड तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तो कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतो, ही पट्टी त्याला नसते आणि स्विच टेबलाखाली दडलेला असतो. नको.

८ इंची की १० इंची? १० इंची पातं साधारण ७५ ते ८० मिमी खोल कापतं, सव्वाआठ इंची ६५ च्या आसपास. तुमच्या वाशांना आणि फळ्यांना लहानही पुरेल. तुळया मात्र दोन्हींत बसणार नाहीत, त्या टेम्पोत घालून सॉमिलवर न्या आणि इंची-सव्वा इंची फाडून आणा. घरच्या मशीनवर जाड लाकूड तीन बाजूंनी फिरवून कापण्यात वेळही जातो आणि बोटंही.

ब्लेडवर पैसे राखून ठेवा. लांबीत फाडायला २४ दाती, प्लायला आणि आडव्या कापाला ६०. मशीनबरोबर येतं ते बहुतेकदा ना धड इकडचं ना तिकडचं. ब्लेड ज्या दांड्यावर बसतं त्या आर्बरचं माप, म्हणजे ब्लेडचं भोक, २५.४ आहे की ३० मिमी ते मशीनवर वाचून मगच ब्लेड मागवा. जुन्या वाशांत खिळे असतात, आणि खिळ्याचं डोकं तुटून आत राहिलं असलं तरी भोवती लाकूड काळं पडलेलं दिसतं. तो काळा ठिपका दिसला की आधी पटाशीने उकरा. शिवाय सगळ्या अंगावरून जोरदार लोहचुंबक फिरवा. तरी एखादा राहतोच, म्हणून वाशांसाठी जुनं ब्लेड वेगळं ठेवा. सागातल्या वाळूसारख्या कणांनीही धार लवकर जाते, फणस त्या मानाने सोपा.

लाकडाच्या ओलाव्याचं बजेटमध्ये कोणी धरत नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाऊन थांबतं, कितीही वर्षं वाळवलंत तरी. त्यामुळे देवघराची दारं, खण असं नेमकं माप लागणारं काम फाल्गुन-चैत्रात करा. पावसाळ्यात रफ कापून ठेवा, हवं तर एक साधा मॉइश्चर मीटर घ्या.

वीज. १८०० वॉटचं मशीन चालताना ८ अँपिअर घेतं, सुरू होताना जास्त. १६ अँपिअरचा पॉइंट आणि २.५ स्क्वेअर मिमीची वायर थेट बोर्डापासून ओढून घ्या. पातळ एक्स्टेन्शनच्या गुंडाळीवर मशीन चालवू नका. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येत असेल तर बिडाच्या मशीनची इंडक्शन मोटार जोर धरत नाही. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे १८० ला तो साठेक टक्केच उरतो. पोर्टेबलची ब्रशवाली मोटार आवाज करते, कानाला मफ लागतो, पण निदान उठते. अर्थिंग मात्र तपासून घ्या. जांभ्यात उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

खाऱ्या हवेसाठी टेबलावर साधं पॅराफिन मेण घासा. सिलिकॉन स्प्रे नको, तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिश धरत नाही. उंचीच्या स्क्रूला ग्रीस लावलंत तर भुसा चिकटून लगदा होतो, कोरडं ल्युब्रिकंट वापरा. झाकायला जुनी सुती चादर घाला, कारण प्लास्टिकखाली घाम सुटतो. पोर्टेबलचा खरा फायदा हाच, की जूनमध्ये पडवीत झड यायला लागली की दोघांनी उचलून माजघरात नेता येतं.

काम करताना ओढणी, पदर, बांगड्या आणि हातमोजे नकोत. मोजे सुरक्षित वाटतात पण दाताला धागा अडकला की हात आत ओढला जातो. पात्याजवळ शेवटचा वीतभर भाग ढकलायला काठी वापरा, आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेच्या थोडं डावीकडे.

दुकानात जाऊन आलात की मॉडेल, आर्बरचं माप आणि गाईडची दोन्ही टोकांची मापं इथे टाका, ब्लेड कुठलं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.