बाउंड स्टेटमध्ये एनर्जी ठरावीकच का असते?

तुमचा प्रश्न असा आहे की इलेक्ट्रॉन खड्ड्यात (म्हणजे पोटेन्शियल एनर्जी आजूबाजूपेक्षा कमी असलेल्या जागेत) अडकलाय, यालाच बाउंड स्टेट म्हणतात, हे कळतं, पण अडकला म्हणून त्याची एनर्जी ठरावीकच का, मधली कुठलीही का चालत नाही. एमएस्सीला माझीही गाडी इथेच अडली होती. पुस्तकात "बाउंडरी कंडिशन (कडेला उत्तर कसं असावं याची अट) लावली की" असं एक वाक्य आणि खाली थेट फॉर्म्युला, आमचे सरही तेच फळ्यावर उतरवून मोकळे.

डोक्यात प्रकाश पडला तो प्रॅक्टिकलला प्रोग्राम लिहिताना. खड्डा १ नॅनोमीटर रुंद, १ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल. एनर्जी अंदाजाने टाकायची (तळापासून मोजून) आणि श्रोडिंगरचं इक्वेशन (इलेक्ट्रॉनची लाट कशी असेल ते सांगणारं) डावीकडून उजवीकडे सोडवत जायचं. ०.१८ इलेक्ट्रॉन व्होल्ट टाकली तर वेव्ह फंक्शन, म्हणजे ती लाट, खड्ड्यात मस्त कमान करून बाहेर पडलं, आता शून्यावर येऊन टेकणार असं वाटतंय तोवर पलटी मारून सुसाट वर. ०.२० टाकली तर शून्य ओलांडून थेट पाताळात. मग ०.१९ च्या आसपास दशांशाचे आकडे हलवत बसलो, तसतशी शेपटी लांबपर्यंत शून्याला चिकटून राहायला लागली. त्यानंतरचं असं ठिकाण एकदम ०.७० ला, आणि मग संपलंच, या खड्ड्यात दोनच.

म्हणजे इक्वेशन कुठल्याही एनर्जीला सुटतं हो, पण बाहेर गेल्यावर फुगत जाणारं उत्तर म्हणजे इलेक्ट्रॉन खड्ड्यापेक्षा लांब कुठेतरी सापडायची शक्यता जास्त, मग तो अडकला कसला! शेपटी दोन्हीकडे मरायला हवी. एका बाजूची आपण सुरुवातच तशी करून मारतो, दुसरी मात्र आपल्या हातात नसते, ती मोजक्या एनर्जीलाच मरते. एनर्जी खड्ड्याच्या काठाच्या वर गेली की शेपटीची भानगडच नाही, लाट दोन्हीकडे चालत राहते आणि कुठलीही एनर्जी चालते.

सतारीच्या तारेचं उदाहरण सगळे देतात, ते अर्धंच बरोबर आहे. तार घोडीवर पक्की दाबलेली असते, इथे लाट खड्ड्याच्या भिंतीत थोडी झिरपते, तिला पसरायला जास्त जागा मिळते, म्हणून तर एनर्जी ०.१९ इतकी कमी. भिंती अनंत उंच असत्या तर ०.३८ आली असती.

आणि खड्डा दिसला की बाउंड स्टेट असणारच असंही धरू नका. एका मितीत अशा खड्ड्यात किमान एक मिळतेच, तीन मितींत खड्डा उथळ असेल तर एकही नाही. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून झालेला ड्यूटेरॉन कसाबसा २.२ एमईव्हीने (मेगा, म्हणजे दहा लाख, इलेक्ट्रॉन व्होल्ट) बांधलेला, त्याला एकच बाउंड स्टेट, आणि नुसते दोन न्यूट्रॉन घेतले तर तेवढंही जमत नाही.