वाचकांचे प्रश्न : ड्रम मशीन अंतऱ्यापासून का सुरू होत नाही?

प्रश्न : नमस्कार, मी घरीच गाणी रेकॉर्ड करतो. ८ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर आहे आणि आता एक सेकंडहँड ड्रम मशीन घेतलंय. आधी दोन्हीकडे टेम्पो १२० ठेवून प्लेची बटणं एकदम दाबायचो पण दुसरा अंतरा येईपर्यंत ठेका सरकलेला असायचा. मग मिडी केबल लावली, आता पहिल्यापासून वाजवलं की मस्त चालतं, पण अंतऱ्यापासून प्ले केलं की ड्रम मशीन आपलं पहिल्यापासूनच सुरू होतं. आणि केबल लावूनही ड्रमचा आवाज रेकॉर्डरमध्ये येत नाही, असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आवाजाचं आधी सांगतो. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही हो, जातात फक्त निरोप, म्हणजे सुरू हो, थांब, पुढची टिक घे. आवाजासाठी ड्रम मशीनच्या लाइन आउटपासून रेकॉर्डरच्या इनपुटला वेगळी केबल लावावीच लागते. मिडीची मात्र एकच पुरते, रेकॉर्डरच्या मिडी आउटमधून ड्रम मशीनच्या मिडी इनला.

आता ठेका का सरकायचा ते बघा. दोन्ही मशिनांची घड्याळं वेगळी, त्यामुळे स्क्रीनवर १२० दिसलं तरी दोन्हीचं १२० अगदी तंतोतंत एक नसतं आणि तो बारीक फरक साठत जातो, शिवाय दोन बटणं हातानं एकदम दाबली असं आपल्याला फक्त वाटतं. मिडी क्लॉकवर मशीन स्वतःचा टेम्पो बघतच नाही. रेकॉर्डर एका बीटमध्ये २४ टिक पाठवतो, म्हणजे १२० टेम्पोला सेकंदाला ४८, आणि मशीन त्या टिकवर पाऊल टाकत जातं.

पण टिकमधून फक्त लय कळते. भजनात टाळकऱ्याला पखवाजावरून लय मिळते, कितवं कडवं चाललंय ते नाही कळत, तसंच हे. जागा सांगायला वेगळा निरोप असतो, साँग पोझिशन पॉइंटर, तो सुरुवातीपासून किती सोळांश झाले ते सांगतो (एका बीटचे चार सोळांश). चार बीटचा बार असेल तर १७ व्या बारपासून प्ले करताना २५६ हा आकडा जातो, मग मशीनला "स्टार्ट" नाही तर "कंटिन्यू" असा निरोप मिळतो आणि ते त्या जागेवरून वाजायला लागतं. रूपकासारखा ७ मात्रांचा ठेका असला तरी हे चालतं, कारण मोजणी बारची नाही, सोळांशांची आहे.

तुमचं मशीन बहुतेक पॅटर्न मोडमध्ये असणार. तिथे एकच दोन बारचा ठेका फिरत असतो, त्यात "दुसरा अंतरा" अशी जागाच नसते. सगळे पॅटर्न ओळीनं जोडून पूर्ण गाणं बनवा, साँग मोडला जा आणि सिंक एक्स्टर्नल किंवा मिडी असं ठेवा (मग मशीनचं स्वतःचं प्ले दाबून काही झालं नाही तर घाबरू नका, ते रेकॉर्डरची वाट बघतंय). रेकॉर्डरच्या मिडी मेन्यूत क्लॉक निवडलंय ना ते पण बघा, टाइमकोड नको, तो तास-मिनिटं-सेकंद मोजतो आणि बऱ्याच साध्या ड्रम मशिनांना कळत नाही. पॉइंटर पाठवायचा ऑप्शन वेगळा असेल तर तोही ऑन करा. एवढं करून जमलं नाही तर मॅन्युअलच्या शेवटी मिडीचा तक्ता असतो त्यात हा पॉइंटर तुमच्या मशीनला समजतो का बघा, समजत नसेल तर दरवेळी पहिल्यापासूनच वाजवावं लागेल.

टेम्पो मात्र गाण्याआधी रेकॉर्डरमध्ये ठरवा आणि क्लिकवर, म्हणजे रेकॉर्डरच्या टिकटिक ठोक्यावर गा, क्लिकशिवाय गायलेल्या ट्रॅकची लय मिडी शोधून देत नाही.

आणि एक मनापासून सांगतो, सिंक जमलं की ड्रम लगेच रेकॉर्ड करू नका. गाणं पक्कं होईपर्यंत मशीन नुसतं बरोबर वाजू द्या, एकही ट्रॅक खर्च होत नाही आणि कडवं वाढवलं तर ठेका बदलता येतो. शेवटी एकदा फक्त किक, मग फक्त स्नेअर, मग हायहॅट असे वेगवेगळ्या फेऱ्यांत घ्या, दरवेळी ते त्याच जागी येऊन बसतात, आणि मग किकला हात न लावता स्नेअरवर रिव्हर्ब देता येतो. ८ ट्रॅकवाल्या माणसाला याच्याइतकं मोठं सुख नाही!

प्रश्न : माझ्याकडे जुना कॅसेटवाला ४ ट्रॅक रेकॉर्डर आहे, त्यावर हे जमेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : जमतं, पण मिडी सरळ टेपवर भरता येत नाही, त्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे, कॅसेटला तो झेपत नाही. मध्ये एफएसके कन्व्हर्टर लागतो, म्हणजे क्लॉकचा टेपवर भरता येईल असा सूर करणारी डबी. त्याचा कर्कश सूर चौथ्या ट्रॅकवर आधी भरायचा, त्या ट्रॅकचं नॉइज रिडक्शन बंद आणि इक्यू सपाट, मग टेप वाजली की त्याच सुरातून पुन्हा क्लॉक तयार होतं. साधा एफएसके जागा सांगत नाही, दरवेळी टेप पहिल्यापासून लावावी लागते, म्हणून मिळाला तर स्मार्ट एफएसकेवालाच घ्या. तिसऱ्या ट्रॅकवर आवाज भरण्याआधी सूर तिथे झिरपतोय का ते नक्की ऐका.