बायोडेटा बघून एचआरवाला हसला

प्रश्न : नमस्कार दादा, मी चाकणला राहतो, वय ३९. आयटीआय मशिनिस्ट केलं, मग सहा वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), आधी ऑपरेटर नि नंतर सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा. पाठदुखी सुरू झाली म्हणून त्याच कंपनीत डिझाइनला गेलो, ऑटोकॅड नि सॉलिडवर्क्स तिथं शिकलो. कंपनी बंद पडली तेव्हा मित्राच्या प्रेसमध्ये कोरलड्रॉवर लेबलं, कॅटलॉग केले, त्यातूनच वेबसाइटी करायला लागलो, ते पाच वर्षं चाललं. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल सपोर्टला आहे, नाइट शिफ्ट. मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूला गेलो तर एचआरवाला बायोडेटा बघून चक्क हसला, म्हणाला तुम्ही नक्की आहात कोण? घरी सासरे पण तेच म्हणतात, जावई एका जागी टिकत नाही. मी खरंच वाट चुकलोय का? आणि बायोडेटात यातलं काय ठेवू, काय काढू?

उत्तर : हसू दे हो. मला एकानं विचारलं होतं, चार भावांचे बायोडेटा एकत्र करून आणलेत का. माझी गाडी पण थोडीफार तुमच्याच रस्त्यानं गेलीय, भोसरीतल्या एका छोट्या टूलरूममधून निघाली, मग ड्रॉइंग ऑफिस, मग डीटीपी, मग वेबसाइटी आणि शेवटी कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या, त्यामुळं मी अगदी निःपक्षपाती उत्तर देईन अशी अपेक्षा ठेवू नका. पण त्या एचआरवाल्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, हसला तेवढं चुकलं. त्याच्यापुढं बायोडेटांचा ढीग असतो नि तुमचा बघून त्याला कळेना की हा कुठल्या फायलीत लावायचा. ते त्याला सांगायचं काम तुमचं आहे.

वाट चुकलाय असं मला तरी वाटत नाही, आणि हे बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुम्ही सेटर होतात ना, मग आठवा, व्हीएमसीच्या प्रोग्रॅममध्ये जी ९० हा कोड म्हणजे ॲब्सोल्यूट, सगळी मापं जॉबच्या शून्यापासून, नि जी ९१ म्हणजे आत्ता जिथं आहेस तिथून इतकं सरक. (लेथवाल्यांनी लगेच पत्र टाकू नये, तुमच्याकडं जी ९० म्हणजे टर्निंगची सायकल असते, माहितीय मला.) पुढं वेबसाइट शिकताना सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) पोझिशन ॲब्सोल्यूट नि रिलेटिव्ह आलं तेव्हा माझ्या बॅचची सगळी पोरं डोकं धरून बसली होती, कारण ॲब्सोल्यूट दिलेला डबा पानावर कुठंही जाऊन बसायचा. मला ते अर्ध्या तासात समजलं. तो शून्य कुठला ते आधी ठरवावं लागतं, मशीनवर जी ५४ या कोडमध्ये ठरवतो, इकडं बाहेरच्या डब्याला पोझिशन देऊन ठरवतो, बास. आणि टिंबाचं तर विचारूच नका. एक्स ५० लिहून पुढचं टिंब विसरलं तर फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) बऱ्याच मशीनवर ते ५० मिलिमीटर न धरता ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, धरतो. एकदा असा मार खाल्लेला माणूस कोडमधल्या अर्धविरामाकडं कधी हलक्यात बघत नाही.

डिझाइनमध्ये पण तेच. मशीनवर न उभा राहिलेला ड्राफ्ट्समन ड्रॉइंगवर दिसेल त्या मापाला टाइट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मारून मोकळा होतो. २० मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे भोकाला, एच ७ हा टॉलरन्स म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, एवढ्यात राहायचं तर रीमर लागतो, गेज लागतो, वेळ जातो, नि बेअरिंग किंवा पिन बसणार असेल तर ते हवंच, पण नुसता बोल्ट आरपार जाणाऱ्या भोकाला कशाला बाबा? हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल, रिजेक्शनच्या पेटीनं शिकवलं असेल.

वेबसाइटीला मात्र मला पहिला मोठा धक्का बसला, तुम्हाला पण बसला असेल. ड्रॉइंगला माप असतं, प्रेसमध्ये कागदाला माप असतं, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा) सोडलं, रंग छपाईच्या सीएमवायकेमध्ये केले की विषय संपला. वेबला कागदच लहानमोठा होतो! गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एक, त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर दुसरंच. मी सुरुवातीला सगळं पिक्सेलमध्ये पक्कं बसवायचो नि सगळं फाटायचं. दुसरा धक्का मराठीचा. प्रेसमधला श्रीलिपीतला मजकूर उचलून वेबपानावर टाकला तर निव्वळ चिन्हांचा कचरा, कारण त्या जुन्या फॉन्टात पडद्यावर दिसायला ‘क’ असला तरी आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट काढला की सोंग उघडं. एका पतसंस्थेचा अख्खा अहवाल मी दोन रात्री बसून युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या मराठीत) परत टाइप केलाय, तेव्हा कन्व्हर्टर असतो हेच ठाऊक नव्हतं. नंतर कन्व्हर्टर सापडला, पण त्यानं ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करून ठेवला, म्हणजे वाचून काढणं काही सुटलं नाही.

आता सपोर्ट. याला लोक खालचं काम समजतात, मला वाटतं तुमच्यासारख्याला यापेक्षा चांगली जागा नाही, फक्त बहुतेक तुम्ही चुकीच्या कंपनीच्या सपोर्टला आहात. जॉब ओव्हरसाइझ यायला लागला की सेटर काय करतो, आधी ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बघतो, मग टूल घासलाय का, मग क्लॅम्प ढिला आहे का, नि एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. टिकिट (गिऱ्हाइकाची नोंदवलेली तक्रार) सोडवणं म्हणजे हेच की. वर सपोर्टला अजून एक लागतं, समोरचा जे सांगतोय त्याच्या मागचं ऐकू येणं. एकदा एका वर्कशॉपचा फोन आला, तुमच्या सॉफ्टवेअरनं माझं मॉडेल मोहरीएवढं केलं म्हणून. आमचा बीई कॉम्प्युटर झालेला पोरगा, हुशार आहे हां, दोन दिवस त्यांचं सॉफ्टवेअर काढून परत टाकत होता. मी फोन घेतला नि एवढंच विचारलं, फाइल कुठून आली? तर म्हणे अमेरिकेतल्या पार्टीकडून. थ्रीडी मॉडेलची एसटीएल फाइल होती, त्यात एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे. तिकडं इंच, इकडं मिलिमीटर. २५.४ नं गुणा म्हटलं, दोन मिनिटांत माणूस खूश. हे काही डोक्याचं काम नव्हतं, दोन्हीकडं उभं राहिल्याचं होतं.

म्हणून बायोडेटाचं असं करा. वर पहिल्याच ओळीत लिहा की कारखान्यातल्या लोकांना सॉफ्टवेअर चालवायला मदत करतो, स्वतः सहा वर्षं मशीनवर नि नंतर डिझाइनला काढलीत. बाकी सगळं त्या ओळीच्या पुराव्यासारखं खाली लावा. सेटरची वर्षं अजिबात काढू नका, बरेच जण लाजून काढतात. लेबलं नि कॅटलॉग दोन ओळींत संपवा. येणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची माळ असेल तर तोडा. वेबसाइटींपैकी आज चालू असलेल्या दोनच द्या, मात्र त्यात फ्लॅशवाली असेल तर नको, २०२० च्या शेवटी अडोबीनं फ्लॅश बंद केलं, तिथं आता रिकामा चौकोन दिसत असेल. आणि तारखा ओढूनताणून जुळवू नका, पीएफच्या रेकॉर्डला कुठं कधी होतात ते सगळं दिसतं, चौकशीत सापडलं तर हातची जाते.

अर्ज कुठं करायचे, तर कॅड-कॅम सॉफ्टवेअर विकणारे, सीएनसी मशीन बनवणारे, कारखान्यांसाठी ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) करणारे. त्यांच्याकडं ॲप्लिकेशन इंजिनिअर म्हणून पोस्ट असते, मशीन किंवा सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडं जाऊन चालू करून द्यायचं, शिकवायचं, अडलं की सोडवायचं. काही जण डिग्री मागतात, तरी अर्ज टाका, प्रात्यक्षिकाला बोलावलं की तुमचं काम बोलेल. फिरणं फार असतं, पाठीचं बघा.

तोटा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. दर वेळी पगार खालून सुरू झाला, माझ्याहून लहान पोरं माझे साहेब झाले, ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागायची ती मी दोनदा थोडक्यात हुकवली, एकदा तर सात महिन्यांनी. तुम्ही एक काम या आठवड्यातच करा, सगळी जुनी पीएफ खाती तुमच्या यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) जोडलीत का बघा, यूएएन २०१४ मध्ये आला, त्याआधीचं खातं बाहेर लोंबकळत राहिलेलं असू शकतं. पैसे काढू नका, ट्रान्सफर करा, कारण पेन्शनला एकूण दहा वर्षं भरावी लागतात नि मध्ये पेन्शनची रक्कम काढून घेतली की ती वर्षं गेली. सासऱ्यांना हे पासबुक दाखवा, बाकीचं समजावत बसू नका.

प्रश्न : मी नाशिकहून लिहितेय. मुलगा २१ वर्षांचा, आयटीआय टर्नर झालाय, अंबड एमआयडीसीत अप्रेंटिस आहे, अजून चार महिने राहिलेत. आता म्हणतो हे सोडतो नि पुण्यात ९० हजार भरून सहा महिन्यांचा वेब डेव्हलपमेंटचा क्लास करतो, जॉब गॅरंटी आहे म्हणे. सोडू देऊ का?

उत्तर : ताई, चार महिने काहीही करून पूर्ण करायला लावा. अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट हातात असलं की परतीचा दरवाजा उघडा राहतो, अर्धवट सोडली तर ते परत मिळवताना जीव जातो. वेब शिकायला माझी अजिबात ना नाही, पण ९० हजार आत्ता नको. फ्रीकोडकॅम्प नि एमडीएन या वेब शिकायच्या दोन्ही साइट फुकट आहेत, त्याला म्हणावं रोज कामावरून आल्यावर एक तास बस नि चार महिन्यांत एक गोष्ट करून दाखव, त्याच्या शॉपमध्ये फळ्यावर खडूनं लिहितात ना, किती जॉब झाले, किती रिजेक्ट, ते मोबाइलवर दिसेल असं एक पान. केलं तर पोराला खरंच ओढ आहे, मग क्लासचं बोलू. नाही केलं तर ९० हजार वाचले. गॅरंटीचा कागद मात्र मागून वाचा, गॅरंटी नोकरीची आहे की नुसत्या इंटरव्ह्यूची ते त्यात बारीक अक्षरात असतं. आणि अजून एक रस्ता त्याला कुणी सांगितला नसेल, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, शासकीय तंत्रनिकेतनात जाऊन चौकशी करा, तिथली फी या क्लासच्या मानानं काहीच नाही.

प्रश्न : दादा, कोल्हापूरचा आहे, आधी शिरोलीत फाउंड्रीला होतो, आता सपोर्टला. मित्र कॉल सेंटर म्हणून चिडवतात. इथून डेव्हलपमेंटला जाता येतं का?

उत्तर : येतं, पण साहेबाला विचारून नाही. एक महिना सगळी टिकिटं एका एक्सेलमध्ये मांड, परत परत येणारी वर आण. फाउंड्रीत ब्लोहोलचं (ओतकामात राहिलेल्या पोकळीचं) रिजेक्शन कुठल्या शिफ्टला, कुठल्या पॅटर्नला जास्त येतं ते मांडलं असशीलच की, तेच. मग वरच्या तीनपैकी एकावर स्वतःच उपाय कर, थोडं एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) शिकून एखादी क्वेरी, नाहीतर छोटी स्क्रिप्ट, नि न बोलता डेव्हलपरला नेऊन दाखव. मी असा एक रिपोर्ट केला होता, पासवर्ड लॉक झालेल्या युजरची यादी सकाळी आठला आपोआप यायची, फोन यायच्या आधीच आम्ही ते उघडून ठेवायचो. त्या जोरावर मला आतल्या टीममध्ये घेतलं. रिपोर्ट तिथं अजून चालू आहे असं ऐकतो, खाली नाव मात्र दुसऱ्याचंच आहे.