सी ड्राइव्ह लाल झालाय, काय काय उडवू? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

घरात सात-आठ वर्षं जुना कॉम्प्युटर, सी ड्राइव्हची पट्टी लाल, आणि "आता काय डिलीट करू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच एकत्र लिहितोय. नावं काढलीत, प्रश्न तुमचेच.

प्रश्न: दोन मोठे सिनेमे डिलीट केले तरी जागा तेवढीच दिसते, असं का?

डिलीट केलेलं आधी रिसायकल बिनमध्ये जाऊन पडतं, तो रिकामा करा. पण आधी आत काय आहे ते बघून.

प्रश्न: एक टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसते. फसवलं का मला?

नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. डिस्क पूर्ण आहे.

प्रश्न: डिफ्रॅग केल्यावर किती जागा सुटेल?

अजिबात नाही. डिफ्रॅग फाइलचे विखुरलेले तुकडे जवळ आणतो, एवढंच. एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल तर त्याची गरजही नाही.

प्रश्न: ब्राउझरमध्ये मेसेज येतो की कॉम्प्युटरमध्ये १,२०० एरर आहेत, क्लीनर घ्या. घेऊ का?

घेऊ नका, त्या मेसेजवर क्लिकही करू नका. वेबसाइटचं पान तुमची डिस्क तपासूच शकत नाही, मग तो आकडा आला कुठून? तो आधीच लिहून ठेवलेला असतो, सगळ्यांना तोच दिसतो. आणि हे जे रजिस्ट्री क्लीनर म्हणून विकतात ना, त्यांचा मला खरंच राग येतो, कारण रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी काढून सुटतात काही केबी, आणि एखादी चुकीची नोंद गेली तर प्रोग्राम उघडत नाही, कधी कधी विंडोजच सुरू होत नाही. जागा कुठे गेलीय ते बघायला विनडिरस्टॅट किंवा विझट्री पुरतं, दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत, फक्त मूळ साइटवरूनच उतरवा. कुठला फोल्डर किती खातोय ते ठोकळ्यांच्या चित्रात दिसतं. पैसे आधीच भरले असतील तर तो प्रोग्राम काढा आणि कोणाला रिमोटने कॉम्प्युटर हाताळू दिला असेल तर आधी बँकेला कळवा.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगितलं की विनएसएक्सएस फोल्डर आणि हायबरफिल उडवले की पंधरा-वीस जीबी सुटतात. करू का?

व्हिडिओवाला तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणार नाहीये. विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या फाइलचा फोल्डर, हाताने कधीही उडवायचा नाही. तो दिसतो तेवढा मोठा नसतोच, त्यातल्या बऱ्याच फाइल विंडोजच्या इतर फोल्डरमध्येही दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात, आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. त्यातलं जुनं सामान काढायचं असेल तर विंडोजमधलंच डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा आणि विंडोज अपडेटच्या ओळीवर टिक करा. हायबरफिल ही हायबरनेटची (उघडं काम डिस्कवर साठवून बंद होण्याची) फाइल, विंडोज १० मध्ये साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला ३ जीबीच्या आसपास. ती डिलीट करायची नसते, हायबरनेट बंद केलं की आपोआप जाते, पण मग फास्ट स्टार्टअप, म्हणजे कॉम्प्युटर झटपट सुरू होण्याची सोयही जाते. लॅपटॉप असेल आणि बॅटरी थकलेली असेल तर राहू द्या.

विंडोज डॉट ओल्ड फोल्डर मोठ्या अपडेटनंतर राहतो, दहा दिवसांनी बहुधा आपोआप जातो. घाई असेल तर तोही डिस्क क्लीनअपमधूनच काढा. पण सगळीकडे टिक करत सुटू नका, विंडोज १० च्या काही व्हर्जनमध्ये त्याच यादीत डाउनलोड्स फोल्डर पण असतो.

प्रश्न: मुलांचे सगळे फोटो, साधारण १८० जीबी, एक्स्टर्नल डिस्कवर कट-पेस्ट केले. आता बॅकअप झाला ना?

नाही झाला, आणि हे वाचलं की उठून आधी ते काम करा.

कट-पेस्ट म्हणजे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं. प्रत एकच होती, एकच राहिली, फक्त भिंतीआडच्या डिस्कवरून टेबलावर लोंबणाऱ्या डिस्कवर आली. बॅकअप म्हणजे तीच फाइल एकाच वेळी दोन वेगळ्या ठिकाणी असणं. माझ्याकडे अशी एक डिस्क आली होती, लग्नापासून मुलगी दहावीला जाईपर्यंतचे फोटो त्यात, कॉपी चालू असताना कुणाचा तरी पाय वायरमध्ये अडकला आणि डिस्क फिरत असतानाच खाली पडली. कानाला लावली तर टक, टक, टक, आणि थोड्या वेळाने शांत. ती बाई समोर बसून विचारत होती की निदान बारशाचे तरी निघतील का. नाही निघाले.

म्हणून आधी कॉपी, मग त्या डिस्कवरचे दहा-वीस फोटो उघडून बघणं, व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे नेऊन बघणं, मग तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर, आणि तेव्हाच कॉम्प्युटरवरून डिलीट. क्लाउडमध्ये पण एक गडबड सगळे करतात. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. फक्त कॉम्प्युटरवरची जागा सोडवायची असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस'. चुकून गेलीच असेल तर वैयक्तिक खात्यात ३० दिवस तिथल्या रिसायकल बिनमध्ये सापडते, त्यामुळे आजच बघा.

आणि स्वस्तातला दोन टीबीचा पेनड्राइव्ह यासाठी आणू नका. असे पुष्कळ पेनड्राइव्ह आत ३२ किंवा ६४ जीबीचेच असतात, फक्त कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतात, भरत जातात तसे फोटो हरवतात आणि तुम्हाला ते महिन्यांनी कळतं. आणलाच असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने रिकामा असतानाच तपासून घ्या.

प्रश्न: सी भरलाय, डी पूर्ण रिकामा आहे. डीची जागा सीला देता येईल?

येते, पण पार्टिशनला (डिस्कच्या सी, डी अशा वाटण्यांना) हात लावायच्या आधी बॅकअप, आणि स्वतः पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराला शेजारी बसवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे डाउनलोड्स आणि व्हिडिओ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅब आहे, तिथून ते डीवर हलवा. बहुतेकांचं काम एवढ्यात होतं.

प्रश्न: दोन महिने डिस्क मधूनमधून टकटक वाजते, कॉम्प्युटर अडकतो. जागा कमी म्हणून होतंय का? थोडं डिलीट करून बघतोय.

दोन महिने! जागेचा संबंध नाही, ती डिस्क जातेय. डिलीट करणं, डिफ्रॅग, स्कॅन, सगळं थांबवा. अजून चालू होत असेल तर सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि अडकायला लागली की जबरदस्ती करू नका, बंद करून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवा असं कोणी सांगेल, ठेवू नका, आत दव धरतं आणि उरलेली आशा पण जाते. आणि "बघू तरी चालू होतेय का" म्हणून उद्या परत बटण दाबू नका.