जॉर्जियन नावं: अर्थाआधी नाव कुठल्या वाटेनं आलं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाची जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएसला आहे. घरमालकीणबाईंचं नाव निनो, मुलगा झुराब, सून पिक्रिया, आणि नुकत्याच झालेल्या नातीचं नाव केतेवान. वर्गात जिकडे बघावं तिकडे गिओर्गी. या नावांचे अर्थ काय, बाईचं नाव ओकारान्त कसं, आणि वडीलधाऱ्यांना हाक कशी मारायची?

नावांच्या याद्यांमध्ये प्रत्येक नावापुढे एकेक गोड अर्थ चिकटवलेला असतो. जॉर्जियन नावांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथल्या अनेक नावांचा अर्थ जॉर्जियन भाषेत सापडतच नाही. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की नाव कुठल्या वाटेनं तिथे पोचलं? मुख्य वाटा तीन: चर्च, इराण आणि घरची भाषा. घरची भाषा कार्तवेली कुळातली आहे. संस्कृत, फारसी, रशियन, तुर्की यांच्यापैकी कुणाशीच तिचं नातं नाही. त्यामुळे अस्सल देशी नावं आपल्याला अगदी परकी वाटतात, आणि इराणमार्गे आलेली नावं मात्र मराठी माणसाला ओळखीची निघतात. हे एकदा ध्यानात आलं की तुमच्या यादीतली बहुतेक नावं उलगडतात.

चर्चची वाट आधी उरकतो. गिओर्गी म्हणजे ग्रीक ‘गेओर्गिओस’, शेतकरी. संत जॉर्जवर तिथल्या लोकांची अपार श्रद्धा आहे आणि २३ नोव्हेंबरला ‘गिओर्गोबा’ची सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून वर्गात इतके गिओर्गी. घरात त्यांचे गिओ, गोगा, गिया, गिगा होतात. देशाच्या ‘जॉर्जिया’ या नावाशी मात्र याचा संबंध जोडू नका. तिथले लोक स्वतःला ‘कार्तवेली’ आणि देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. दावित, मारियाम, लुका, एलेने, बार्बारे, निकोलोझ ही नावंही याच वाटेनं आली. २००८ साली जॉर्जियन चर्चचे प्रमुख धर्मगुरू इलिया दुसरे यांनी घरातल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांना स्वतः बाप्तिस्मा द्यायला सुरुवात केली आणि हजारो मुलांचे ते धर्मपिता झाले.

निनो हे या वाटेवरचं सगळ्यात मोठं नाव. चौथ्या शतकात कप्पादोकियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका भागातून, आलेल्या संत निनोनं राजा मिरियान आणि राणी नाना यांना ख्रिस्ती केलं, असं परंपरा सांगते. द्राक्षवेलीच्या दोन काटक्या स्वतःच्या केसांनी बांधून तिनं क्रूस केला. म्हणूनच जॉर्जियन चर्चच्या क्रूसाचे आडवे हात खाली झुकलेले दिसतात. ‘निनो’ला शब्दार्थ शोधत बसू नका. तिथल्या घरात हे नाव ठेवतात ते या बाईसाठी.

आता ओकाराचा प्रश्न. जॉर्जियन भाषेत लिंगभेदच नाही. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ या तिन्हींना एकच शब्द. त्यामुळे नावाच्या शेवटच्या स्वरावरून बाई की पुरुष हे ठरत नाही. निनो, केतो, एतो या बायका. लुका, निका, साबा, वाझा हे पुरुष. आपल्याकडचे नाना धोतर नेसतात, तिथल्या नाना बाई असतात. बुद्धिबळ पाहणाऱ्यांना नाना अलेक्सांद्रिया आठवतील, आणि १९६२ ते १९७८ जगज्जेत्या राहिलेल्या नोना गाप्रिंदाश्विली तर आठवतीलच. (त्याच देशात, बातुमीला, जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलींना त्या मातीत काय मान आहे हे माहीत असल्यामुळे मला त्याचा दुप्पट आनंद झाला होता.) शिवाय ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई, हे भाचीला पहिल्याच आठवड्यात कळलं असेल.

इराणच्या वाटेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती मला सगळ्यात प्रिय आहे. जॉर्जियाचे राजे शतकानुशतकं इराणी सत्तांशी कधी लढत, कधी नमत, कधी सोयरीक करत राहिले, आणि फारसी वीरकथा त्यांच्या दरबारात घरच्यासारख्या झाल्या. तुमच्या यादीतला झुराब म्हणजे सोहराब. रोस्तोम म्हणजे रुस्तम, बेझान म्हणजे बेजन, लुआरसाब म्हणजे लोहरास्प, तेइमुराझ म्हणजे तहमुरास. मुंबईत पारशी शेजार लाभलेल्या कुणालाही यातली निम्मी नावं दारावरच्या पाटीवर वाचल्यासारखी वाटतील. दोघांचा साठा एकच, फक्त एक शाखा समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि दुसरी कॉकेशसच्या डोंगरात गेली.

काही नावं तर संस्कृतपर्यंत नेऊन पोचवतात. तिबिलिसी वसवल्याची कथा ज्याच्या नावावर आहे तो पाचव्या शतकातला राजा वख्तांग गोर्गासाली. ‘गोर्गासाली’ हे फारसी ‘गुर्ग’ आणि ‘सर’ यांवरून आलं, म्हणजे लांडग्याच्या डोक्याचा. त्याच्या शिरस्त्राणावर लांडगा कोरलेला होता असं बखरी सांगतात. ‘वख्तांग’ची अभ्यासकांमध्ये प्रचलित असलेली फोड जुन्या इराणीतली आहे: ‘वह्रक’ म्हणजे लांडगा आणि ‘तनु’ म्हणजे शरीर. आपल्या शब्दांत सांगायचं तर वृक-तनु! तनु तर जसाच्या तसा. गुरांदुख्त, सागदुख्त अशा जुन्या राण्यांच्या नावातलं ‘दुख्त’ म्हणजे मुलगी, आपली दुहिता. मिरियान हा मूळचा मिहरान, त्यात मिहर म्हणजे वैदिक मित्र.

लांडगा त्या लोकांना फार जवळचा. घरच्या भाषेत लांडग्याला ‘म्गेली’ म्हणतात. त्यावरून डोंगराळ भागात म्गेलिका, आणि सर्वत्र आढळणारं गेला हे पुरुषी नाव. गेलाश्विली, गेलाद्झे ही आडनावं त्यातूनच.

पिक्रिया हे नाव ऐकून मला नेहमी आनंद होतो. ‘पिक्री’ म्हणजे विचार, आणि हा मूळचा अरबी ‘फिक्र’. आपली फिकीर तीच! आपल्याकडे येताना तिच्यात काळजी शिरली, तिथे ती शांत विचार राहिली. जॉर्जियन भाषेत इंग्रजी ‘एफ’चा उच्चार नाही. तिथे जे आहे ते आपल्या फणसातलं, दोन्ही ओठ मिटून म्हटलेलं फ. म्हणजे घरमालकीणबाईंच्या सुनेचं नाव खरं तर ‘फिख्रिया’च्या जवळ जातं. तमारही तसंच, ‘थमार’च्या अंगानं. तमार म्हणजे हिब्रूत खजुराचं झाड. अरबीत खजूर ‘तम्र’, आणि चिंचेला अरबांनी दिलेलं नाव ‘तम्र हिंदी’, हिंदचा खजूर. ११८४ ते १२१३ राज्य केलेली तमार ही जॉर्जियाची सर्वांत लाडकी राणी. तिला राणी न म्हणता ‘मेपे’, म्हणजे राजाच, म्हणत.

तिच्याच काळात शोथा रुस्तावेलीनं ‘वाघाचं कातडं पांघरलेला वीर’ हे महाकाव्य रचलं, आणि त्यातून निम्म्या देशाची नावं निघाली. त्यातला तारिएल हा हिंदुस्थानचा राजपुत्र आहे आणि त्याची प्रिया नेस्तान-दारेजान ही हिंदुस्थानच्या राजाची मुलगी. कवीचा हिंदुस्थान कल्पनेतला आहे, पण ती राजकन्या आपली म्हणून तिथे घरोघर नांदते याचं मला अप्रूप वाटतं. तिचं नाव म्हणजे एक अख्खं फारसी वाक्य आहे: ‘नीस्त अंदर जहाँ’, जगात नाही, म्हणजे तिच्यासारखी जगात दुसरी नाही. पुढे लोकांनी या नावाचे दोन तुकडे केले आणि तेही ‘अंदर’ या शब्दाच्या मधोमध. म्हणून आज नेस्तान वेगळी आणि दारेजान वेगळी. अठराव्या शतकातल्या एका राणीचं नाव नुसतंच दारेजान होतं. त्याच काव्यातला दुसरा वीर अवतांदिल, त्याच्या नावाची फोड बरेच जण ‘आफताब-दिल’, सूर्यासारख्या हृदयाचा, अशी करतात.

आणि केतेवान. नातीचं हे नाव ऐकून तुम्हाला गोव्याची आठवण व्हायला हवी. नाव फारसी कतायूनचं जॉर्जियन रूप मानलं जातं. लाडात केतो, केतिनो, केके. (स्तालिनची आई एकातेरिने गेलाद्झे, काही ठिकाणी तिचं नाव केतेवान असंही देतात, तिला सगळे केके म्हणत.) पण तिथल्या माणसाला केतेवान म्हटलं की पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी आठवते, कवी असलेल्या राजा तेइमुराझची आई. तिनं इराणच्या शाह अब्बासकडे मध्यस्थी केली आणि स्वतःच ओलीस म्हणून अडकली. सुमारे दहा वर्षं शिराझमध्ये कैदेत काढल्यावर तिला धर्म बदलायला सांगितलं. तिनं नकार दिला आणि सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा छळ करून वध झाला. तिथल्या ऑगस्टिनियन पोर्तुगीज पाद्र्यांनी तिचे अवशेष जपले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्यातल्या त्यांच्या मठात आणला. तो मठ पुढे ओस पडला, छप्परं कोसळली. आज जुन्या गोव्यात जो अर्धा उरलेला उंच जांभ्या दगडाचा मनोरा दिसतो, तो त्याच मठाच्या चर्चचा. पोर्तुगीज कागदपत्रांत अवशेषांची जागा खिडकीच्या खुणेसकट नोंदली होती. त्या आधारानं पुरातत्त्व खात्यानं शोध घेतला आणि २००४ च्या सुमारास हाडांचे तुकडे मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेनं डीएनए तपासला तेव्हा त्यात भारतात न आढळणारा, जॉर्जियात मात्र आढळणारा मातृवंशाचा गट सापडला. २०१७ मध्ये अवशेष काही काळासाठी दर्शनाला तिकडे गेले होते, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन त्यातला एक भाग कायमचा सुपूर्द केला. घरमालकीणबाईंना भाचीनं एवढंच सांगावं, की आमच्या शेजारच्या गोव्यानं तुमची केतेवान जवळजवळ चारशे वर्षं सांभाळली. घरात तिचं स्थान बदलेल, याची मला खात्री आहे.

घरच्या भाषेतली नावं सूर्याभोवती फिरतात. ‘म्झे’ म्हणजे सूर्य, त्यावरून म्झिया, म्झेकाला. लोककवितेत सूर्य आई आहे आणि चंद्र बाप, म्हणून सूर्याची नावं मुलींना. नातेला म्हणजे तेजस्वी, त्सिसाना आकाशाची, इया म्हणजे वायलेटचं फूल. पुरुषांत झ्वियाद म्हणजे मानी, मालखाझ म्हणजे देखणा, बिचिको म्हणजे पोरगा. तुर्कीतून आलेली तेंगिझ (समुद्र) आणि तेमूर (लोखंड) ही दोनच सांगून थांबतो. सोव्हिएत काळात हॅम्लेट, रोमिओ अशी नावंही ठेवली गेली. त्यात मला विशेष गोडी नाही.

उच्चारासाठी एक गोष्ट भाचीला नक्की सांगा, कारण इथे मराठी मुलगी हिंदीभाषक मैत्रिणींच्या पुढे असते. ‘त्सिसाना’तला त्स म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च. आडनावातल्या ‘द्झे’मधलं व्यंजन म्हणजे ‘जावई’मधला ज. ‘चहा’ आणि ‘चांगला’ यांत जो फरक आपण न शिकता करतो, तोच फरक जॉर्जियन लिपीत दोन वेगळ्या अक्षरांनी दाखवतात. द्झे म्हणजे पुत्र, श्विली म्हणजे अपत्य, म्हणून माणसाच्या आडनावातही कुणा पूर्वजाचं नाव दडलेलं असतं. पासपोर्टवर ‘तमार’ आणि बोलताना ‘तमारी’ असं दिसलं तर गोंधळू नये. व्यंजनान्त नावाला प्रथमेत इकार लागतो, माणूस एकच.

हाक मारताना आडनाव वापरायचं नाही. पुरुषाला ‘बातोनो’, बाईला ‘कालबातोनो’, आणि पुढे पहिलं नाव. प्राध्यापकांना बातोनो गिओर्गी, डीनबाईंना कालबातोनो तमार. घरमालकीणबाईंशी एवढं अंतर ठेवायची गरज नाही, त्यांना ‘निनो देइदा’ म्हणावं. देइदा म्हणजे मावशी. आणि त्यांनी उलट भाचीलाच ‘देइदा’ म्हटलं तर दचकू नये. तिथे आई लेकराला ‘देदा’, आजी नातवंडाला ‘बेबो’, म्हणजे स्वतःच्याच नात्यानं, लाडानं हाक मारते. निनोचा सण वर्षातून दोनदा येतो, २७ जानेवारी आणि १ जून. त्या दिवशी सकाळी दार वाजवून ‘गिलोत्सावत, निनो देइदा’ म्हणायचं, म्हणजे तुमचं अभिनंदन. यातलाही त्स ‘चांगला’तलाच.