तुकाराम ओंबळे आधी सैन्यात होते का? २६/११ च्या रात्रीआधीचं त्यांचं आयुष्य कसं होतं?

हो, होते. सिग्नल कोरमध्ये, म्हणजे सैन्याचं संदेशवहन सांभाळणाऱ्या दलात, नाईक या हुद्द्यावरून रिटायर झाले आणि मग १९९१ ला मुंबई पोलिसात आले. तुम्ही हे विचारलंत याचं बरं वाटलं, कारण बहुतेकांना ओंबळे साहेबांचे फक्त ते शेवटचे काही सेकंद माहिती असतात.

गाव केडंबे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. मी त्याच बाजूचा आहे म्हणून सांगतो, आमच्याकडे सगळा डोंगर, पाऊस धो धो, पण शेतीवर घर चालत नाही, त्यामुळे घरटी एखादा माणूस तरी बाहेर असतोच, कोणी नवी मुंबईत मार्केटला माथाडी, कोणी पोलिसात, कोणी मिलिटरीत. आणि जवान पेन्शनवर येतो तेव्हा वय काही फार झालेलं नसतं, पोरंबाळं लहान असतात, म्हणून दुसरी नोकरी धरावीच लागते. बरेच जण सिक्युरिटीत जातात, बँकेच्या दारात उभे राहतात, त्यातही काही कमीपणा नाही. ओंबळे साहेबांनी परत वर्दीच घातली. घरी बायको आणि चार मुली. एकदा फौजेची नोकरी करून आलेल्या माणसाने पुन्हा खालपासून सुरुवात करायची, बंदोबस्त, नाकाबंदी, रात्रपाळी, सणाला घरी नाही, हे सतरा वर्षं केलं आणि सहाय्यक फौजदार झाले. मला तर हा भाग त्या रात्रीइतकाच मोठा वाटतो.

आता ती रात्र. ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याला होते. सीएसएमटीला (तेव्हाचं सीएसटी) आणि कामा हॉस्पिटलजवळ गोळीबार करून कसाब आणि इस्माईल खान हे दोन दहशतवादी पळवलेल्या स्कोडा गाडीतून मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीकडे आले, तिथे नाकाबंदी लावलेली होती. बॅरिकेड दिसल्यावर त्यांनी हेडलाइट तसेच ठेवून काचेवर पाणी मारलं म्हणजे पोलिसांना आतलं दिसू नये, मग यू टर्न मारायला गेले आणि गाडी डिव्हायडरला अडकली. गोळीबारात इस्माईल मेला. कसाब बाहेर पडला तेव्हा ओंबळे साहेब पुढे झाले, हातात फक्त लाठी, आणि त्यांनी त्याच्या एके-४७ ची नळीच धरली. त्याने जवळून गोळ्या झाडल्या तरी नळी सोडली नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबवर झडप घालून त्याला पकडलं. लोक याला वेडं धाडस म्हणतात ते मला पटत नाही. बंदूक काय करते हे ज्याला फौजेपासून माहीत आहे तो माणूस समजून उमजून पुढे गेला, नळी त्याच्याकडे वळलेली असेल तर मागच्या सहकाऱ्यांकडे वळत नाही.

हल्ला करणाऱ्या दहा जणांपैकी जिवंत सापडला तो कसाब एकटाच. त्याच्याकडून समुद्रातून कसे आले, ट्रेनिंग कुठे झालं, फोनवर हुकूम कोण देत होतं हे बाहेर आलं, आणि आधी नाकारणाऱ्या पाकिस्तानला २००९ च्या सुरुवातीला तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. रीतसर खटला चालला, २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती दिली गेली.

ओंबळे साहेबांना २६ जानेवारी २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं, शांतताकाळातला देशातला सगळ्यात मोठा शौर्य पुरस्कार. पण त्या चार मुलींचं काय झालं असेल याचा विचार मी आजही करतो, बाप आधी फौजेत म्हणून लांब, मग पोलिसात म्हणून ड्यूटीवर, आणि आता कुठे रिटायरमेंट जवळ आली होती.

गिरगाव चौपाटीला त्यांचा पुतळा आहे, मुंबईत असाल तर जाऊन या. आणि २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या कोळ्याला अभ्यासकांनी त्यांचं नाव दिलंय, आयसियस तुकारामी.