मोठा कूलर, उंच रॅम आणि मिलिमीटरांचा हिशेब

प्रश्न : नव्या संगणकासाठी मी प्रोसेसर थंड ठेवणारा, दोन टॉवर (धातूच्या पात्यांचे उभे गठ्ठे) आणि दोन पंखे असलेला मोठा एअर कूलर घेतला आहे. त्याची उंची १६५ मिमी आहे आणि माझ्या कॅबिनेटमध्ये १७० मिमीपर्यंतचा कूलर बसतो. परंतु रॅमच्या दोन्ही पट्ट्या दिव्यांच्या असून त्यांची उंची ४४ मिमी आहे, त्यामुळे पुढचा पंखा त्यांच्यावरच टेकतो. पंखा थोडा वर सरकवला तर चालेल का, की कूलरच बदलावा?

उत्तर : कूलर बदलण्याची घाई करू नये, मात्र पंखा वर सरकवण्याआधी एक बेरीज अवश्य करावी. कूलरच्या माहितीपत्रकात एकूण उंचीबरोबरच पुढच्या पंख्याखाली किती उंचीची रॅम मावते, हा आकडाही दिलेला असतो आणि खरेदीच्या वेळी त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. आपल्या कूलरच्याच वर्गातला नॉक्टुआचा एनएच-डी१५ उदाहरणादाखल घेऊ. त्याची उंची १६५ मिमी आहे आणि दोन्ही पंखे लावले असता त्याखाली ३२ मिमीपर्यंतची रॅम बसते. आवरण नसलेल्या साध्या डीडीआर४ (रॅमची एक पिढी) पट्टीची उंची सुमारे ३१ मिमी असल्यामुळे तिला काहीच अडचण येत नाही. आपली पट्टी ४४ मिमीची, म्हणजे १२ मिमीने जास्त आहे. पंखा तेवढा वर उचलला की कूलरची प्रत्यक्ष उंची १७७ मिमी होते आणि कॅबिनेटची बाजूची काच ७ मिमीने आडवी येते. आपल्या कूलरचा रॅमसाठीचा आकडा वेगळा असल्यास बेरीज त्यानुसार बदलेल, पण पद्धत हीच राहील. कॅबिनेटची मर्यादा मोजण्याची रीत उत्पादकागणिक थोडी वेगळी असल्याने, उत्तर मर्यादेच्या अगदी काठावर आले तर दोन-तीन मिलिमीटर हातचे राखावेत. पट्टीची उंची मात्र माहितीपत्रकातूनच घ्यावी, कारण पट्टीचा काही भाग स्लॉटमध्ये शिरलेला असतो आणि वरून दिसणारा भाग मोजला तर आकडा कमी येतो.

माझा सल्ला असा, की पुढचा पंखा काढून टाकावा आणि दोन टॉवरमधला पंखा तेवढा ठेवावा. हा मधला पंखा पहिल्या टॉवरमधून हवा ओढतो आणि दुसऱ्या टॉवरमध्ये ढकलतो, त्यामुळे हीटसिंकचा, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या सांगाड्याचा, कोणताही भाग निकामी राहत नाही. एनएच-डी१५ अशा प्रकारे एकाच पंख्यावर चालवला, तर रॅमसाठी ३२ ऐवजी ६४ मिमी जागा मिळते. त्यात आपल्या पट्ट्या आरामात मावतील. तापमानात पडणारा फरक थोड्याच अंशांचा असतो आणि तोही प्रोसेसरवर दीर्घकाळ पूर्ण भार असतानाच जाणवतो. काढलेला पंखा वाया घालवायचा नसेल, तर तो मागच्या टॉवरच्या मागील बाजूस, हवेची दिशा तीच राखून, लावता येतो. फक्त तेथील मदरबोर्डवरचे उंच हीटसिंक आणि कॅबिनेटचा मागचा पंखा यांना तो अडत नाही ना, हे आधी पाहावे.

रॅम परत करण्याची मुदत अजून शिल्लक असेल, तर कमी उंचीच्या पट्ट्या घेणे हा सर्वांत निर्वेध मार्ग आहे. पट्टीची उंची वाढते ती आवरणामुळे आणि दिव्यांमुळे. तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची रॅम बुटक्या आवरणातही मिळते. आवरण सोलून काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण ते चिकटपट्टीने थेट चिपवर बसवलेले असते आणि ओढताना चिपच उखडून येण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे केवळ जागेसाठी पट्ट्या भलत्याच स्लॉटमध्ये हलवू नयेत. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात; तेथून हलवल्यास रॅम तिच्या घोषित वेगाने स्थिर चालेलच, अशी खात्री देता येत नाही.

लिक्विड कूलर (द्रवाच्या साहाय्याने उष्णता वाहून नेणारा) घेतल्याने अडचण सुटते, असेही अनेकजण सांगतील. ती पुष्कळदा केवळ जागा बदलते. सुमारे २७ मिमी जाडीचा रेडिएटर (त्यातला द्रव थंड करणारा भाग) आणि २५ मिमीचा पंखा मिळून कॅबिनेटच्या छताखाली ५२ मिमी व्यापतात आणि छत मदरबोर्डला जवळ असेल, तर तेच पंखे पुन्हा उंच रॅमवर येऊन टेकतात.

आता बसवण्याच्या क्रमाविषयी. एवढा मोठा कूलर एकदा बसला, की मदरबोर्डच्या वरच्या भागात हात शिरत नाही. म्हणून रॅम आणि प्रोसेसरजवळचा एम.२ एसएसडी (मदरबोर्डवर आडवी बसणारी साठवणुकीची पट्टी) कूलरच्या आधी लावावेत. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये उतरवल्यावर प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी करण्याइतकी जागा उरणार नसेल, तर ती केबलही आधीच जोडून घ्यावी. कूलरचे दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवत आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळल्यास दाब असमान पडतो आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) एका अंगाला सरकते. पुढे कधी कूलर काढायचा झाला आणि आपला प्रोसेसर एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (ज्यात पिना प्रोसेसरलाच असतात) असेल, तर आधी संगणक काही वेळ चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, मग तो बंद करून, वीज तोडून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. सरळ वर ओढल्यास प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येऊ शकतो.

प्रश्न : माझा कूलर ग्राफिक्स कार्डाच्या पाठीला जवळजवळ चिकटला आहे आणि कार्डाच्या स्लॉटची खिटी बोटांनी दाबता येत नाही. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये लावावे का?

उत्तर : मदरबोर्डची पुस्तिका पाहिल्याशिवाय तसे करू नये. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला, तरी त्याला पुष्कळदा सोळाऐवजी चारच लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) मिळतात. खिटी दाबण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची बोथट पट्टी वापरावी. स्क्रूड्रायव्हर निसटला तर मदरबोर्डवर खोल ओरखडा उमटतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे ते चिकटणे. कूलरची पाती धातूची असतात आणि कार्डाच्या पाठीवर संरक्षक पत्रा नसेल, तर तेथील उघड्या डाखांना पाते टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. दोहोंमध्ये काही मिलिमीटरची स्पष्ट फट दिसायला हवी. ती नसेल, तर कूलर सरकवून किंवा पंख्याची क्लिप उलट बाजूने लावून जागा होते का ते पाहावे, आणि तोपर्यंत संगणक सुरू करू नये.